लिबएव्ही: सोर्स थेट प्रोग्रॅममध्ये घ्यायला उत्तम

लिबएव्ही (libev) ही सी भाषेतली इव्हेंट लूप लायब्ररी, म्हणजे फाइल, नेटवर्क, टायमर यांच्या घटनांवर लक्ष ठेवणारी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या छोट्या लिनक्स बोर्डांवर तिच्यासह सी प्रोग्रॅम चालवायचा असेल, तर ती वेगळी इन्स्टॉल करू नका, तिचा सोर्स कोडच प्रोजेक्टमध्ये घ्या. 'ईव्ही_स्टँडअलोन' (EV_STANDALONE) हा मॅक्रो, म्हणजे कंपाइल करताना ठरवायचं सेटिंग, 1 केला की कॉन्फिगर ही तयारीची स्क्रिप्ट चालवावी लागत नाही. ही सोय फारच छान. 'ईव्ही.सी' (ev.c) मात्र एकाच फाइलीत इन्क्लूड करा, बाकी सगळीकडे 'ईव्ही.एच' (ev.h). ज्या बॅकएंडची (घटना कळवणाऱ्या सिलेक्ट, ईपोल अशा यंत्रणेची) फाइल कॉपी केली नाही, त्याचा मॅक्रो 0 ठेवा.

खरा धोका 'ईव्ही_मल्टिप्लिसिटी'चा (EV_MULTIPLICITY), म्हणजे एकाहून जास्त इव्हेंट लूप वापरू देणाऱ्या मॅक्रोचा. एका फाइलीत 1, दुसरीत 0 असेल तर फंक्शनचा पहिला आर्ग्युमेंटच बदलतो. कंपाइल झालेल्या फाइली जोडणारा लिंकर बहुतेकदा हूं की चूं करत नाही आणि प्रोग्रॅम चालताना कोसळू शकतो. म्हणून असे मॅक्रो मेकफाइलमध्येच (बिल्डच्या सूचनांच्या फाइलीत), सगळ्या फाइलींना सारखेच द्या.