‘ॲक्टिव्ह ॲस्टेरॉइड्स’: एका प्रश्नाचा प्रकल्प

सामान्य नागरिकांना संशोधनात सहभागी करून घेणाऱ्या झूनिव्हर्स या संकेतस्थळावर ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला, खगोलशास्त्रज्ञ कॉलिन ओरायन चँडलर यांच्या नेतृत्वाखालील ‘ॲक्टिव्ह ॲस्टेरॉइड्स’ हा प्रकल्प सहभागी होणाऱ्याला एकच प्रश्न विचारतो: चित्राच्या मध्यभागी असलेल्या लघुग्रहाला शेपूट किंवा भोवती धूसर आवरण दिसते का? खाते उघडण्याचीही सक्ती नाही.

चित्रे चिलीतील सेरो टोलोलो येथील चार मीटर व्यासाच्या ब्लांको दुर्बिणीवरील ‘डार्क एनर्जी कॅमेरा’च्या संग्रहातली आहेत. दुसऱ्याच कामांसाठी टिपलेल्या या छायाचित्रांत लघुग्रह ओघानेच आले आणि त्यांचा असा दुसरा उपयोग करण्याची कल्पकता मला या प्रकल्पात सर्वांत मोलाची वाटते.

उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असेच द्यावे लागते. दहा लाखांहून अधिक ज्ञात लघुग्रहांपैकी सक्रिय, म्हणजे अशी शेपूट किंवा आवरण दाखवणारे, ठरलेले काही डझनच असल्याने ते स्वाभाविक आहे. ज्याला दर पाच मिनिटांनी शोध लागायला हवा, त्याने इकडे न वळलेले बरे. खरी अडचण मात्र वेगळी आहे. एका वेळी एकाच क्षणाचे चित्र समोर येते, त्यामुळे लघुग्रहामागे एखादी अंधुक दीर्घिका असेल तर तीच शेपटीसारखी भासते. त्याच जागेचे, लघुग्रह पुढे सरकल्यानंतरचे चित्र शेजारी दिले असते तर हा संशय तिथेच मिटला असता. एकच चित्र अनेकांना दाखवले जाते आणि निवडक चित्रे तज्ज्ञ पुन्हा तपासतात, म्हणून या उणिवेने निष्कर्ष बिघडत नाहीत. पाहणाऱ्याची दमछाक मात्र होते.

या पद्धतीचे फळ ‘२०१० एलएच१५’ या लघुग्रहात दिसते. सहभागींनी त्याच्या २०१९ मधील चित्रांत शेपूट ओळखली, त्यानंतर संशोधकांना २०१० च्या चित्रांतही ती सापडली, आणि दोन्ही वेळा तो आपल्या कक्षेतील सूर्याला सर्वांत जवळच्या बिंदूच्या आसपास होता. शेपूट टक्करीने उडालेल्या धुळीची असती, तर ती अशी ठरावीक ठिकाणी पुन्हा दिसली नसती. उष्णतेने बर्फाचे संप्लवन, म्हणजे थेट वाफेत रूपांतर, होत असेल तरच ही पुनरावृत्ती नीट उलगडते. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यात बर्फ टिकून असल्याचा हा आणखी एक सबळ संकेत होय.

नव्याने सहभागी होणाऱ्यांनी चित्रातील इतर ताऱ्यांकडेही पाहावे. ते सगळे एकाच दिशेने ताणलेले असतील तर दोष टिपण्यातला आहे. आणि लघुग्रहच दोन्ही बाजूंना सारखा लांबट दिसत असेल, तर ती छायाचित्रणाच्या कालावधीतील त्याच्या गतीची रेघ आहे, शेपूट नव्हे.