राजदूतच्या टाकीला आतून लेप: उन्हाळा-पावसाळा काढल्यावरचा अनुभव

गळती थांबली. ज्यांना एवढंच विचारायचं होतं त्यांनी पुढं वाचलं नाही तरी चालेल. माझी तक्रार गळतीची नाहीच, पाव लिटर पेट्रोलची आहे, आणि ती अजून मिटलेली नाही.

गाडी राजदूत १७५. अमळनेरला एका भंगारवाल्याच्या दारात उभी होती. इंजिन धड, कागदपत्रं धड, टाकी सडकी. टाकीकडं बोट दाखवून दाखवून भाव पाडला आणि घेतली. बोरी नदीपलीकडं शेत आहे, तिथं जायला-यायला हीच. राजदूतबद्दल वेगळं सांगायला नको; ज्याच्या घरी नव्हती त्याच्या दूधवाल्याकडं तरी होतीच.

गळत कुठून होती ते शोधायला टाकीच्या बुडाला खडूची पूड फासली. जिथं पेट्रोल पाझरतं तिथं पूड ओली होऊन काळपट पडते. बघता बघता डाव्या पोटाच्या मागच्या कोपऱ्यात मोहरीएवढे ठिपके उमटले, आणि शिवणीवर एक बारीक रेघ. बहुतेक जुन्या टाक्या इथंच फुटतात. साइड स्टँडवर गाडी डावीकडं कलते, पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते त्याच कोपऱ्यात जाऊन बसतं आणि पत्रा आतून खातं. बाहेरचा रंग शेवटपर्यंत चकचकीत राहतो, म्हणून मालकाला पत्ता लागत नाही. त्यात आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. रोज पळणाऱ्या गाडीला फारसा फरक पडत नाही, पण पेरणी झाली की महिनामहिना उभ्या राहणाऱ्या गाडीला पडतो.

तात्पुरते उपाय सगळे माहितीचे आहेत. अंगाचा साबण घासला की पाझर थांबतो, कारण साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. पण पहिल्या पावसात धुऊन जातो. बाहेरून इपॉक्सी पुट्टी थापली तर त्या भोकापुरतं भागतं, शेजारचं उद्या उघडतं. फायबरवाल्याकडचं रेझीन आत ओतणारेही बघितलेत. ते साधं पॉलिएस्टर असतं, इथेनॉलमध्ये मऊ पडून त्याचे पापुद्रे कॉकच्या, म्हणजे टाकीखालच्या पेट्रोलच्या तोटीच्या, जाळीत येतात. दुसरी टाकी घ्यायची तर लेपापेक्षा महाग, आणि जुनी घेतली तर तीही आतून अशीच असणार.

मोठी भोकं लेपानं बुजत नाहीत, त्यांना आधी डाख लागतो. धुळ्याच्या एका रेडिएटरवाल्याकडं नेली. त्यानं टाकी उन्हाकडं धरून तोंडातून आत पाहिलं आणि म्हणाला, "हाई टाकी नही भाऊ, चाळणी शे." तरी केलं त्यानं काम, पण आधी टाकी गरम पाण्यानं खळखळून धुवायला लावली आणि डाख देताना आत पाणी भरून ठेवलं, फक्त भोकाजवळची जागा कोरडी. हा माणूस मला तिथंच पटला. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातकी. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्क्यांच्या मध्ये असली की ठिणगीला भडका उडतो, आणि "रिकामी तर आहे" म्हणून आणलेल्या टाकीत हमखास तेवढीच वाफ उरलेली असते. तुमचा वेल्डर टाकी न धुता गॅस पेटवायला निघाला तर टाकी उचला आणि घरी या.

आता लेप. दोन भागांचा इपॉक्सी, ऑनलाइन मागवला, सगळं मिळून दीड हजाराच्या आत-बाहेर. नाव घेत नाही. घेताना एकच बघा: इथेनॉलला टिकतो असं डब्यावर स्पष्ट लिहिलेलं हवं. नोव्होलॅक जातीचे इपॉक्सी टिकतात, साधे काही दिवसांनी चिकट होतात.

डब्यावरच्या सूचनांत "टाकी स्वच्छ व कोरडी करा" असं एक वाक्य आहे. एकच. सगळं काम त्या एका वाक्यात आहे, आणि लेप ओतायचा भाग त्यामानानं पोरखेळ. राजदूत टू-स्ट्रोक, लिटरला चाळीस मिली तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं. त्या तेलाचा थर वर्षानुवर्षं टाकीच्या भिंतीवर बसलेला. त्यानं पत्रा थोडाफार वाचवला हे खरं, पण त्याच्यावर लेप धरत नाही, साय निघावी तसा निघतो. म्हणून आधी धुण्याचा सोडा आणि उकळतं पाणी, पाण्यावर तवंग दिसायचा थांबेपर्यंत. मग मूठभर नट-बोल्ट आत टाकून टाकी गोधडीत गुंडाळून हलवायची. हे काम घरातल्या पोरांना द्या, आवडीनं करतात. मग लिंबूसत्व, किराणा दुकानात मिळतं तेच, लिटरभर कोमट पाण्याला शंभर ग्रॅम, काठोकाठ भरून रात्रभर. सकाळी चहासारखं पाणी निघालं आणि आत पत्रा राखाडी दिसला. मोरी साफ करायचं ॲसिड वापरू नका. गंजाबरोबर उरलेला पत्राही तेच खातं.

लिंबूसत्व ओतून दिलं की खाण्याच्या सोड्याचं पाणी, की लगेच वाळवण. इथं रेंगाळायचं नाही. स्वच्छ लोखंड ओलं राहिलं तर डोळ्यांदेखत पिवळं पडतं. पाणी निथळलं की थोडं ॲसिटोन फिरवलं, ते पाणी ओढून घेतं, मग ते ओतून टाकून वास पूर्ण जाईपर्यंत टाकी उन्हात उघडी ठेवली. बॅटरी दाखवून आत बघितलं, कोपऱ्यात कुठंही ओल नाही. खानदेशचं ऊन इथं कामाला येतं.

आणि तेच ऊन पुढं घात करतं. इपॉक्सी मिसळला की आपणच तापतो, बाहेर जितकं गरम तितका लवकर आळतो. ढोबळमानानं दहा अंश वाढले की हातातला वेळ निम्मा. डब्यावरचा वेळ पंचवीस अंशाचा असतो. आमच्याकडं मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो. एरंडोलच्या एका मित्रानं येझदीला हाच लेप मेच्या दुपारी लावायला घेतला, भांड्यातच त्याचा धूर निघाला आणि चमचा उभा राहिला. मी फेब्रुवारीत, भल्या पहाटे लावला. त्याच दिवशी शेतावर भरीत होतं, पऱ्हाट्यांची आगटी पेटणार होती, म्हणून टाकी मुद्दाम घरीच ठेवली. ॲसिटोन आणि जाळ एका अंगणात नको.

ओतायच्या आधी बारीक भोकांना बाहेरून ॲल्युमिनियमची टेप, कॉकच्या आट्यांत ग्रीस लावलेला बोल्ट. मग टाकी सगळ्या कुशींवर फिरवत राहायचं, डाव्या कोपऱ्यावर जरा जास्त वेळ, आणि उरलेला लेप निथळायचा. पूर्ण आठवडा हात लावला नाही.

आता त्या पाव लिटरकडं येतो. सूचनेत लिहिलंय की जादा लेप कॉकच्या भोकातून निथळू द्या. तसंच केलं. पण कॉक बसतो ती बुशिंग आतून पत्र्याच्या जराशी वर असते. लेप तिच्याभोवती साचतो, आळतो, आणि भोकाभोवती एक ओठ तयार होतो. आधीच थोडी उंच असलेली कड आणखी उंच. त्या कडेखालचं पेट्रोल कॉकमधून कधीच उतरत नाही. मी मोजलं: रिझर्व्ह संपून गाडी बंद पडली, टाकी काढून उलटी केली, बाटली लावली. पाव लिटर! पेट्रोल शंभराच्या वर असताना पंचवीस-सव्वीस रुपयांचा माल टाकीत कायमचा मुक्कामाला. वर रिझर्व्ह तेवढी कमी झाली. पूर्वी रिझर्व्हवर पडली तरी शेतावरून पंपापर्यंत यायची, आता नदीच्या पुलावर दम तोडते. उन्हाळ्यात तिथून गाडी ढकलत आणलेली आहे, म्हणून हा परिच्छेद एवढा लांबला.

विकणाऱ्याला फोन केला. पहिल्यानं विचारलं, डबा उघडतानाचा व्हिडिओ आहे का. मी म्हटलं डब्याची तक्रार नाहीच, सूचनेची आहे. दुसऱ्यानं सांगितलं की टाकीच्या तोंडातून निथळवायला हवं होतं. मग तसं छापा ना! शिवाय तोंडाचा गळाही आत उतरलेला असतो, तिथंही साचणारच. तिसऱ्यानं पाच तारे द्यायची विनंती केली. मी दोन देणार होतो.

दोनाचे साडेतीन झाले ते पावसाळ्यानंतर. दरवर्षी श्रावणात ही गाडी खोकायची, कार्ब्युरेटरची वाटी उघडली की तळाला पाणी. यंदा एकदाही नाही. दसऱ्याला सलाईनची नळी आणि सिरिंज लावून कॉकशेजारच्या खोलगट भागातून थोडं ओढून काचेच्या बाटलीत घेतलं. बाटली स्थिर ठेवल्यावर दोन थर झाले. वर टू-टी तेलाच्या रंगाचं पेट्रोल, खाली बोटाच्या पेरभर पांढुरकं पाणी, इथेनॉल स्वतःत ओढून घेतलेलं. खालच्या थरात गंजाचा कणही नाही, रंगही नाही. म्हणजे ज्या ओठाला मी उन्हाळाभर शिव्या दिल्या त्यानं पाणी अडवून धरलं, आणि ज्या पत्र्यावर ते पाणी बसलं होतं तो लेपाखाली असल्यामुळं त्याला काही झालं नाही. पाण्याला सापळा मिळाला, तोही फुकट. फुकट नाही, सव्वीस रुपयांत.

रेडिएटरवाला म्हणतो, कॉकच्या भोकातून पॉलिश पेपर गुंडाळून ओठ घासून टाक. घासताना लेप पत्र्यापर्यंत फाटला तर पुन्हा त्याच कोपऱ्याशेजारी गंजाला दार उघडं, म्हणून नाही घासत. धाकटा भाऊ वैतागून म्हणाला, "पाव लिटरना हिसाब कितला दिन करशी?" त्याची गाडी इलेक्ट्रिक आहे, त्याला काय कळणार.

डब्यातला अर्धा लेप उरला होता. दोन्ही भाग वेगवेगळे घट्ट झाकून ठेवले तरी हार्डनर, म्हणजे लेप आळवणारा भाग, उन्हाळ्यात तपकिरी पडून दाट झाला. एका राजदूतला अर्धाच डबा पुरतो, तेव्हा जोडीदार शोधून दोन टाक्या एकाच दिवशी करा, खर्च अर्धा येईल. छोटं पॅक मिळत नाही. का मिळत नाही ते विकणाऱ्याला विचारायला पुन्हा फोन करायची माझी तयारी नाही.

आत पाणी येत होतं ते झाकणातून. रबरी वायसर कडक होऊन चिरला होता. बदलताना झाकणाच्या हवेच्या छिद्रावर लेप किंवा ग्रीस बसलेलं नाही ना ते बघा. ते बुजलं की टाकीत हवा जात नाही, पेट्रोल उतरत नाही आणि लोक विनाकारण कार्ब्युरेटर उघडत बसतात. वायसरला चाळीस रुपये पडले, आणि दुकानदारानं त्यात पाच रुपयेसुद्धा सोडले नाहीत.