धुराड्याभोवतीची गळती : खानापुरातील एका दुरुस्ती पथकाचे काम

जांबोटी रस्त्यावरील आमच्या कौलारू घरात चुलीच्या धुराड्याला लागून असलेला वासा दर पावसाळ्यात काळा पडे आणि विटांवर पांढरा क्षार फुटे. आधीच्या गवंड्याने सांध्यात नुसते सिमेंट भरले होते. परंतु लाकडी छप्पर आणि वीटकाम ऊन-पावसात सारख्याच प्रमाणात हलत नसल्यामुळे ते दोन वर्षांतच तडकले.

यंदा वैशाखात खानापुरातून तिघांचे पथक बोलावले. त्यांनी आल्याबरोबर हातोडा उचलला नाही, हे मला फार मोलाचे वाटते. एक जण बॅटरी घेऊन माळ्यावर बसला, दुसरा छपराच्या खालच्या अंगापासून वर सरकत थोडेथोडे पाणी ओतत राहिला, तेव्हा कळले की पाणी धुराड्याच्या पाठीमागे साचलेल्या फणसाच्या पाल्यातून झिरपत होते. मग विटांच्या दरजेत खाच पाडून तीत जस्ती पत्र्याची पट्टी रोवली. तिचा पदर उताराच्या बाजूला कौलांवरून आणि पाठीमागे कौलांखालून घेतला, शिवाय पाणी दोन्हीकडे वळावे म्हणून तेथे पत्र्याचा छोटा उंचवटा केला.

फुटलेल्या कौलांचा वेगळा खर्च आधी सांगायला हवा होता, एवढी माझी तक्रार आहे. मिरगाआधी पाला काढण्याचे मात्र त्यांनी बजावून सांगितले. आषाढात सलग चार दिवस झड लागली असताना मी रोज त्या वाशावरून हात फिरवला. तो कोरडा होता.