महापालिकेचा स्विमिंग पूल, सकाळची लेडीज बॅच: नोकरीवालीचा रिव्ह्यू

तलावाचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण पुढे तक्रारी पण आहेत आणि तसंही महापालिकेचे तलाव थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखेच. २५ मीटरचा टँक, एका टोकाला साडेतीन फूट आणि दुसऱ्या टोकाला डोक्यावरून पाणी, गळ्यात शिट्टी अडकवलेल्या दोन लाईफगार्ड, आणि काउंटरवर एक मावशी ज्या रोज तोंड बघत असल्या तरी पास दाखवल्याशिवाय आत सोडत नाहीत.

बॅच सकाळी पावणेसात ते साडेसात. मी बँकेत आहे, दिवसभर खुर्ची आणि मार्चमध्ये तर विचारूच नका. आधी जिम लावून झालं, पैसे वर्षाचे भरले आणि गेले ते सुरुवातीचेच काय ते दिवस. जिमवाले सांगतात पहाटेपासून रात्रीपर्यंत उघडं असतं, कधीही या. पण कधीही या म्हटलं की आपण संध्याकाळी जाऊ म्हणतो आणि संध्याकाळी कुकर लावायचा असतो, मुलाचा प्रोजेक्ट असतो, नाहीतर नुसताच कंटाळा असतो. इथे उशीर झाला की गेट बंद, आणि साडेसातला शिट्टी वाजली की तुम्ही कितीही मस्त हात मारत असा, बाहेर. सुरुवातीला हे सरकारी खाक्याचं वाटतं पण मला विचाराल तर या तलावाची सगळ्यात भारी सर्व्हिस हीच आहे. ठरलेली वेळ, ठरलेल्या बायका, नाही गेलं तर दुसऱ्या दिवशी काल कुठे होतीस म्हणून चौकशी. आणि फोन लॉकरमध्ये! शाखेचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काय पेटायचा तो पेटू दे.

आता शिकण्याबद्दल, कारण तिशी-चाळिशीतल्या बऱ्याच जणी इथे पहिल्यांदाच पाण्यात उतरतात. गावाकडे पाठीला डबा बांधून विहिरीत ढकलून दिलं की पोरं शिकायची, मग सूर काय, मुटके काय, दुपारभर तेच. आम्ही पोरी कडेला उभं राहून त्यांचे कपडे सांभाळायचो. त्यामुळे बॅचमध्ये एक साठीच्या काकू पहिल्यांदा आधार सोडून अर्धा टँक गेल्या तेव्हा सगळ्याजणी टाळ्या वाजवत होत्या, लाईफगार्ड पण.

कोच मॅडम आठवडाभर हातपाय मारूच देत नाहीत, कठड्याला धरून तोंड पाण्यात घालायचं आणि बुडबुडे काढायचे बस. वैताग येतो, पण त्यात तथ्य आहे. नवशिक्यांना धाप लागते ती बहुतेक वेळा ताकद कमी म्हणून नाही, पाण्याखाली श्वास कोंडून धरतात आणि डोकं वर आलं की तेवढ्या क्षणात सोडायचा पण आणि घ्यायचा पण, ते जमत नाही. पाण्यातच सोडून आलं की वर फक्त घ्यायचा उरतो. एवढं जमलं की निम्मं पोहणं आलं समजा. अजून एक, केस भिजू नयेत म्हणून मान वर काढून ब्रेस्टस्ट्रोक मारणाऱ्या पुष्कळ जणी आहेत, आणि मग मान दुखते म्हणून पोहण्याला नावं ठेवतात. कॉम्प्युटरवाल्यांनी तर हे अजिबात करू नये, आधीच मानेची वाट लागलेली असते.

तक्रारी. चेंजिंग रूम म्हणजे परीक्षा आहे. शॉवरपैकी निम्मे चालू, हुक तुटलेले, फरशीवर कायम पाणी, लॉकरला कुलूप आपलं आपण न्यायचं. एप्रिल-मेमध्ये पोरांच्या सुट्टीच्या बॅचेस सुरू झाल्या की टँक नुसता खदखदतो आणि आठवड्याच्या शेवटी पाणी गढूळ दिसायला लागतं. थंडीत पाणी गरम केलेलं नसतं, डिसेंबरात पहिली दोन मिनिटं शिव्याच तोंडात येतात. आणि तो वास आणि डोळ्यांची जळजळ, त्याला सगळे क्लोरीन जास्त टाकलं म्हणतात, पण क्लोरीन आपल्या घामाशी आणि लघवीशी मिसळून क्लोरामाईन्स तयार होतात, उग्र वास जास्त करून त्यांचा. म्हणजे आधी अंघोळ करून उतरा ही पाटी उगाच लावलेली नाहीये, आणि ती न वाचणारे लोक आपल्यातलेच आहेत. केस आधी साध्या पाण्याने ओले करून मग टोपी घाला, ओले केस तलावाचं पाणी कमी ओढतात.

खरेदी फार नाही. नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा कॉस्च्यूम (गुडघ्यापर्यंतचा बाहीवाला मिळतो, त्यामुळे लाज वाटते हे कारण बाद), लांब केसांना सिलिकॉनची टोपी, गॉगल. कॉटनचे कपडे चालत नाहीत, दोरे फिल्टरमध्ये जातात. गॉगल आतून बोटाने पुसू नका, लेप जातो आणि मग सारखी वाफ धरते.

वजन कमी होईल म्हणून येत असाल तर सांभाळून, कारण बाहेर आल्यावर भूक अशी लागते की गेटसमोरचा मेदूवडेवाला आमच्या बॅचवरच जगतो असा मला दाट संशय आहे. डब्ल्यूएचओ मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. चार दिवस आलात आणि कठड्याच्या गप्पा आवरत्या घेतल्या तर ते इथेच होऊन जातं, वर झोप गाढ लागते ती वेगळी. माझी तरी लागते.

पाचपैकी चार स्टार, एक चेंजिंग रूमसाठी कापला. फी आमच्या भागातल्या कुठल्याही जिमपेक्षा खूप कमी आहे. पाससाठी फोटो, आधारची झेरॉक्स आणि डॉक्टरचा फिटनेस दाखला लागतो, सुट्टे पैसे न्या, सोमवारी साफसफाईला बंद असतो. आणि मेमध्ये फॉर्मच्या लाईनीत उभं राहू नका, शाळा सुरू झाल्यावर जा, निम्मा टँक रिकामा असतो.