अ‍ॅक्सिडेंट क्लेमच्या नावाखाली २,०८,००० रुपयांना गंडा बसला, सातारा-कराडकडच्यांनी तर नक्कीच वाचा

आधीच सांगतो, मी अडाणी नाही. वायरमनची कामं घेतो, बिल्डरकडून बिलाचे पैसे काढायचे म्हणजे काय असतं ते रोज भोगतो, त्यामुळे "एवढं कसं कळलं नाही तुला" हे ज्यांना लिहायचंय त्यांनी पायात प्लेट घालून, घरात कमाई बंद असताना, दवाखान्याचं २,८७,४०० चं बिल उशाशी ठेवून आधी विचार करून बघावा आणि मग लिहावं.

अपघात नोव्हेंबर २०२३ चा. कराडहून पुण्याला निघालो होतो, गाडी मेव्हण्याची, चालवतही तोच होता, मी शेजारी, बायको मागे. खंबाटकीचा बोगदा संपला की उताराला ते एस वळण लागतं ना, तिथे मागून कंटेनरने ठोकलं आणि गाडी कठड्याला. माझा उजवा गुडघा डॅशबोर्डवर आदळला, नडगीचं वरचं टोक फुटलं, प्लेट आणि स्क्रू बसवले, दोन बरगड्यांना तडा आणि छातीवर सीट बेल्टचा तिरका काळानिळा वळ. (बेल्ट होता म्हणून वळावर भागलं, नाहीतर हे लिहायला मी नसतो.) बायकोला काही झालं नाही असंच सगळ्यांना वाटलं, तीच उलट सगळी धावपळ करत होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला मान वळवता येईना. एक्स-रे नॉर्मल. मागून धडक बसली की मान आधी मागे आणि मग पुढे फेकली जाते, आतले स्नायू आणि लिगामेंट ताणतात, ते एक्स-रेत दिसत नाही आणि बऱ्याचदा दुखायलाही दुसऱ्या दिवशी लागतं. अजून तिला गॅसची टाकी सरकवता येत नाही. पण पहिल्या दिवशीच्या एमएलसीच्या (दवाखाना पोलिसांसाठी करतो ती नोंद) कागदावर तिचं नावच नाही. कुणाचाही अपघात झाला तर पहिलं काम हे करा, गाडीत जेवढी माणसं होती तेवढ्या सगळ्यांची तपासणी आणि नोंद करून घ्या, "मला काही झालं नाही" म्हणणाऱ्याची तर आधी.

तर मला गंडवणारा हा क्लेमचा एजंट उगवला मी ऑपरेशन होऊन बाहेर आलो तेव्हा. असली लोकं कशी असतात ते तुम्हाला माहीतच आहे, दवाखान्याच्या कॅन्टीनमध्ये बसलेली, इस्त्रीचा शर्ट, बगलेत प्लास्टिकचं फोल्डर. "दादा, वहिनी, तुम्ही लोड घेऊ नका, तुम्ही फक्त बरं व्हा." विशेष म्हणजे एफआयआरची कॉपी मेव्हण्याला मिळायच्या आधी त्याच्या फोल्डरमध्ये होती. कुठून आली? मी नाव घेत नाही कुणाचं, तुम्हीच समजून घ्या.

बोलणं काय झालं, तर वकिलाला आधी फी नाही, क्लेमचे पैसे आले की ३५ टक्के, आत्ता फक्त फाइल चार्ज ५,५०० रुपये. ऐकायला बरं वाटलं, खिशात पैसे नव्हतेच. भारतात वकिलाला निकालावर टक्केवारी ठरवून फी घेता येतच नाही, बार कौन्सिलच्या नियमात ते बसत नाही, हे मला कोण सांगणार? जो कोणी टक्क्यांची भाषा करेल त्याला तिथूनच परत पाठवा. मग वकीलपत्रावर सह्या, दोन कोऱ्या कागदांवर सह्या, आणि सगळे ओरिजिनल कागद त्याच्याकडे, डिस्चार्ज कार्ड, बिलं, एक्स-रेच्या फिल्म. ओरिजिनल देऊ नका. परत सांगतो, ओरिजिनल कुणालाही देऊ नका, देव जरी फोल्डर घेऊन आला तरी झेरॉक्स द्या.

मग एकेक सुरू झालं. कोर्ट फी म्हणून १८,०००. बायकोची फाइल वेगळी लागेल म्हणून १२,०००. तिच्या क्लेमचं लवकर बघा म्हटलं तर म्हणाला "वहिनींचं निवांत होईल, तीन वर्षं मुदत असते". साफ खोटं. १ एप्रिल २०२२ पासून मोटार वाहन कायद्यात क्लेम दाखल करायला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. बायकोचा क्लेम त्याने दाखल केलाच नव्हता, कधीच नाही, १२,००० घेऊन नुसता झोपला. मुदत गेली तेव्हा तो मला रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर गुलाबाची फुलं पाठवत होता.

आता त्या सर्टिफिकेटचं सांगतो, कारण रात्री झोपेतून उठून मला तेच आठवतं. अपंगत्वाचं सर्टिफिकेट लागतं, सरकारी दवाखान्यात बोर्डासमोर नंबर लागायला वर्ष जाईल, आपल्या ओळखीचे डॉक्टर आहेत, १५,००० द्या. दिले. बायकोची बोरमाळ गहाण ठेवून दिले. काही दिवसांनी त्याने सर्टिफिकेट आणून हातात दिलं, गोल शिक्का, निळ्या पेनाची सही, २२ टक्के. मी खाटेवर बसून वाचलं तर त्यात लिहिलेलं "डावा गुडघा". माझा उजवा. पट्टी बांधलेला पाय समोर उशीवर ठेवलेला आणि कागदावर दुसराच पाय. वर मला त्या डॉक्टरने कधी बघितलंही नव्हतं, गुडघा किती अंशात वाकतो ते कुणी मोजलं नव्हतं, मी घरातून बाहेरच पडलो नव्हतो! मी बोललो तसं त्याला, गप्प बसलो असं नाही. तो हसला. "दादा, टायपिंग मिस्टेक आहे, कोर्ट काय पाय बघत नसतंय, टक्के बघतंय." आणि बायकोने आणलेला चहा पिऊन कागद परत फोल्डरमध्ये घालून गेला. ज्या कागदावर माझा पायसुद्धा माझा नाही त्या कागदासाठी मी १५,००० दिले, आणि तेव्हाच त्याची गचांडी धरायला पाहिजे होती. पण धरणार कशाने, हातात वॉकर.

पुढे तोच कागद त्याने माझ्यावर फिरवला. डिसेंबर २०२४ च्या राष्ट्रीय लोकअदालतीच्या आधी धावत घरी आला, चेहरा पाडून, की इन्शुरन्स कंपनीच्या वकिलाने सर्टिफिकेटवर ऑब्जेक्शन घेतलंय, डावा-उजवा पकडलाय, आता बनावट कागदाची केस तुमच्यावर होणार, जेलमध्ये जाल, त्यापेक्षा तडजोड करून टाकू, ४,५०,००० देतायत. शिवाय "गाडी चालवणाऱ्या मेव्हण्याची पण चूक निघेल, मग तुमचे अर्धे कापतील". हेही खोटं. शेजारी बसलेल्या पॅसेंजरची अपघातात काय चूक असणार, दोन्ही ड्रायव्हरची चूक निघाली तरी पॅसेंजर कुठल्याही एकाकडून पूर्ण भरपाई मागू शकतो. पण जेलचं नाव काढलं की आपल्यासारख्या माणसाचं डोकं चालत नाही, मुलगी दहावीला, घरात पोलीस आले तर? लोकअदालतीत पॅनेलवरच्या मॅडमनी विचारलं की तडजोड मान्य आहे का, तो मागे उभा, मी हो म्हटलं. सही केली. तिथे बाजूला ओळीने माणसं उभी, कुणाच्या हातात कुबडी, कुणाचा हात गळ्यात, सगळ्यांना लवकर उरकायचं होतं.

आणि पैसे कुठे आले? त्याने आधीच एक नवीन खातं काढून घेतलं होतं, "कोर्टाला क्लेमचं वेगळं खातं लागतं" म्हणून. खात्याला मोबाईल नंबर त्याचा. चेकबुक आल्यावर तीन चेक सही करून घेतले, प्रोसेस म्हणून. ४,५०,००० जमा झाले त्याच दिवशी सेल्फ चेकने १,५७,५०० निघाले, बरोबर ३५ टक्के, पैसाही कमी नाही. मला मेसेज येणार कसा?

हिशोब करा. फाइल चार्ज ५,५००, सर्टिफिकेट १५,०००, कोर्ट फी १८,०००, बायकोचे १२,०००, वर १,५७,५००, म्हणजे २,०८,०००. मला राहिले २,४२,०००. म्हणजे दवाखान्याचं बिलसुद्धा निघालं नाही, ४५,४०० कमीच.

मग मेव्हण्याने डोकं लावलं आणि कोर्टातून फाइलची नक्कल काढली. त्यात काय, तर ते सर्टिफिकेट फाइलमध्ये नाहीच! कधी लावलंच नव्हतं. ऑब्जेक्शन कोणी घेतलंच नव्हतं, जेलची भीती हवेतली. क्लेम केलेला फक्त ५ लाखांचा, धंद्याचा एक कागद जोडलेला नाही, रिटर्न नाही, काही नाही. नंतर मी सरकारी दवाखान्यात रीतसर बोर्डापुढे गेलो, १८ टक्के अपंगत्व मिळालं, आणि बोर्डासमोर जायला वर्षबिर्ष काही लागलं नाही. आता खरा हिशोब ऐका. माझं उत्पन्न महिना १८,०००, वर्षाचे २,१६,०००. वय ४१, त्याला गुणक १४ (वर्षाच्या उत्पन्नाला ज्याने गुणतात तो वयानुसार ठरलेला आकडा). त्याचे १८ टक्के म्हणजे ५,४४,३२०. स्वतःचा धंदा आणि वय चाळीस ते पन्नास असेल तर पुढच्या वाढीचे २५ टक्के धरतात, झाले ६,८०,४००. वर दवाखान्याचे २,८७,४००. ९,६७,८०० होतात, वेदना, औषधं, बंद राहिलेलं काम हे वेगळंच. आणि हे पण कमीच म्हणायचं, कारण वायरमनचा गुडघा वाकत नसेल तर तो घोड्यावर, म्हणजे कामाच्या शिडीवर, चढणार कसा? सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच राजकुमार विरुद्ध अजय कुमार केसमध्ये सांगितलंय की नुसते डॉक्टरचे टक्के नाही, त्या माणसाच्या कामावर किती परिणाम झाला ते बघायचं. हे सगळं वकिलाने मांडायचं असतं. माझ्या वकिलाने मला ओळखलंसुद्धा नाही. म्हणाला "फाइल ते घेऊन आले होते, तुमचं त्यांचं काय ठरलं मला माहीत नाही".

आता तक्रारीची गंमत. पोलीस स्टेशनला गेलो, ठाणे अंमलदार म्हणतात सही तुमची आहे ना, मग फसवणूक कसली, सिव्हिल मॅटर आहे. मी म्हटलं साहेब, खोटं सर्टिफिकेट आहे, नव्या कायद्यातलं फसवणुकीचं ३१८ कलम लावा, तर "कायदा आम्हाला शिकवू नका", आणि सर्टिफिकेट कुठाय दाखवा. ते त्याच्या फोल्डरमध्ये! मोबाईलवर काढलेला फोटो दाखवला तर फोटो चालत नाही. लेखी अर्ज घेतला, पोच मागितली तर पोच द्यायला मुन्शी नाहीत, जेवायला गेलेत. आणि याच खात्याने अपघाताची खबर मिळाल्यापासून ४८ तासांत ट्रिब्युनलला (अपघाताचे क्लेम चालवणारं कोर्ट) पहिला रिपोर्ट आणि ९० दिवसांत सविस्तर रिपोर्ट पाठवायचा असतो, २०२२ पासूनचा नियम आहे, त्या रिपोर्टलाच क्लेम अर्ज धरता येतो, एजंटची गरजच पडत नाही. आमचा रिपोर्ट गेला का विचारलं तर "बदली झाली त्या साहेबांची". माझ्या एफआयआरची कॉपी कॅन्टीनमधल्या माणसाला मिळते, ट्रिब्युनलला मिळत नाही. बँकेत गेलो, मॅनेजर म्हणतात सही मॅच होते, आमचं काही नाही. मोबाईल नंबर दुसऱ्याचा कसा घेतला? "फॉर्मवर तोच लिहिलाय." फॉर्म भरला कुणी हे विचारायची पद्धत नाही वाटतं. दवाखान्याचं ऑफिस म्हणतं आमच्या आवारात एजंट येतच नाहीत. आम्ही उभे होतो तिथून तो दिसत होता, मिसळ खात. इन्शुरन्स कंपनीचं एकच वाक्य, तुमचा क्लेम सेटल झालाय. वकिलाविरुद्ध बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे तक्रार टाकलीय, पण एजंट वकीलच नाही त्यामुळे तो त्यांच्या कक्षेत नाही. म्हणजे तो कुणाच्याच कक्षेत नाही. आणि लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं, हे सही करताना कुणी मोठ्याने सांगत नाही, फसवून सही घेतली म्हणून रिट करायची तर हायकोर्ट. बरं झालं १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं, निदान मुंबईच्या खेपा वाचतील.

सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू का. जिल्हा कोर्टातच विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, महाराष्ट्रात वर्षाचं उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर वकील फुकट मिळतो, मी त्यात बसत होतो. बाईला तर उत्पन्नाची अटच नाही. १५१०० नंबर आहे. हे बोर्ड दवाखान्यात कुठे लावलंय का? डेंग्यूचे बोर्ड बघितले मी, पार्किंगचे बघितले. बायकोचा क्लेम आता तिथूनच दाखल करतोय उशीर माफीच्या अर्जासकट, त्या सहा महिन्यांच्या अटीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे असं तिथल्या वकील मॅडम म्हणाल्या, बघू. क्लेम अपघात झाला तिथेच करायला पाहिजे असंही नाही, आपण राहतो तिथल्या ट्रिब्युनलला चालतो.

गाडी ठोकून पळून गेली आणि सापडलीच नाही तर गंभीर जखमीला ५०,००० आणि मृत्यू झाला तर वारसांना २ लाख मिळतात, त्यासाठीही एजंट "फिफ्टी-फिफ्टी" मागतात असं कोर्टातल्या बाकावर ऐकलं. देऊ नका. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला ठरलेल्या दवाखान्यात पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचाराची योजना आहे, अ‍ॅडमिट करतानाच विचारा, नंतर कुणी सांगायला येत नाही.

तीन चेकमधला एक वापरला, एक त्याने "फाटला" म्हणून सांगितलं, तिसरा अजून त्याच्याकडेच आहे. दोन्हीचं पेमेंट थांबवायला मी बँकेत अर्ज दिला. त्याचे बँकेने २३६ रुपये कापले, आणि मेसेज गेला त्याच्या मोबाईलवर, कारण नंबर अजून बदललेला नाही.