डार्क कंपाउंडचा स्लॅब: सोलापूरच्या उन्हाळ्यात घरच्या चॉकलेटसाठी कितपत उपयोगी?

ओव्हनला हात न लावता घरी चॉकलेट करायचे असेल, तर केकचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत मिळणारा डार्क कंपाउंडचा स्लॅब हा सोलापूरकरांसाठी सर्वांत व्यवहार्य पर्याय आहे, असे माझे मत झाले आहे. मात्र चवीच्या दृष्टीने तो सर्वोत्तम नाही, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे. हे परीक्षण कोणत्याही एका कंपनीच्या मालाचे नाही. चारशे-पाचशे ग्रॅमच्या वेष्टनात मिळणारे हे कंपाउंड आपल्या हवेत कसे वागते, त्यात काय घालावे, काय घालू नये आणि दुकानातून ते घेताना काय पाहावे, एवढाच त्याचा आवाका आहे.

पुष्कळ दुकानदार कंपाउंडला सरसकट ‘कुकिंग चॉकलेट’ म्हणतात आणि घेणाराही ते चॉकलेटच समजून नेतो. अस्सल चॉकलेटमधील स्निग्धांश हा कोकोच्या बियांतून निघणाऱ्या कोको बटरचा असतो. कंपाउंडमध्ये कोको पावडर आणि साखर असते, परंतु कोको बटरच्या जागी पामच्या फळाचे किंवा त्याच्या बियांतील गराचे, प्रक्रिया करून घट्ट केलेले तेल वापरलेले असते. हा बदल कंपन्या मुख्यतः किंमत खाली ठेवण्यासाठी करतात, पण त्याचा खरा लाभ उष्ण हवेच्या गावांना होतो. कोको बटर साधारण ३४ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा ४० अंशांच्या वर जातो आणि पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरील घरात रात्रीही ओट्याची फरशी कोमट लागते, अशा वेळी कोको बटरची वडी ताटलीत आकार धरून राहणे शक्यच नसते. कंपाउंडमधील स्निग्धांश त्याहून काही अंश अधिक उष्णता सोसतो. भर दुपारी तेही मऊ पडते, हे खरे. परंतु पाहुण्यांसमोर ताटली ठेवून ती रिकामी होईपर्यंत ते उभे राहते.

दुसरा लाभ याहून मोठा आहे. कोको बटर एकाच रीतीने गोठत नाही. त्याचे स्फटिक सहा प्रकारचे असतात आणि त्यांपैकी एका विशिष्ट प्रकारामुळेच चॉकलेटला तकाकी येते व तुकडा मोडताना ‘कट्’ असा आवाज होतो. तो प्रकार मिळावा म्हणून डार्क चॉकलेट ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवून, ढवळत ढवळत २७-२८ अंशांपर्यंत खाली आणून, पुन्हा ३१-३२ अंशांवर न्यावे लागते. टेंपरिंग म्हणतात ते हेच. आता ज्या स्वयंपाकघराचे स्वतःचे तापमानच ३६-३७ अंश आहे, तेथे वाडग्यातील चॉकलेट आपोआप २७ अंशांवर उतरणार कसे? वातानुकूलित खोली आणि तापमापक या दोन्हींची सोय असलेल्यांनी अस्सल चॉकलेटच्या वाटेला अवश्य जावे, पण ते काम सोपे म्हणता येणार नाही. कंपाउंडला टेंपरिंग लागत नाही. ते वितळवावे, साच्यात ओतावे आणि गोठू द्यावे, इतकेच.

ओव्हनविना चॉकलेटची जी कृती समाजमाध्यमांवर सर्वाधिक फिरते, तिच्यात कोको पावडर, खोबरेल तेल आणि मध एवढेच जिन्नस असतात. थंड प्रदेशात ती उत्तम जमत असेल. खोबरेल तेल २४-२५ अंशांना पातळ होते, आणि सोलापुरात हिवाळ्यातील पहाट सोडली तर ते बाटलीत गोठलेले क्वचितच दिसते. त्या चॉकलेटचा तुकडा फ्रीजमधून काढून तोंडात टाकेपर्यंत बोटे तेलकट होतात. आपल्याकडे पूर्वापार चालत आलेली मिल्क पावडर, कोको, लोणी आणि साखरेचा पाक यांची चॉकलेट वडी मात्र या उन्हाला बधत नाही, कारण तिचा सांगाडा स्निग्धांशाचा नसून साखरेच्या बारीक स्फटिकांचा असतो. तिला चॉकलेट म्हणावे की कोकोची बर्फी, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे; पाक जमला पाहिजे, ही तिची अट मात्र नवशिक्याला जड जाते.

कंपाउंड वितळवण्याची रीत साधी असली, तरी तिच्यात एक पथ्य कडक आहे आणि ते पाण्याचे. स्लॅब सुरीने बारीक चिरून कोरड्या ठणठणीत वाडग्यात घ्यावा. पातेल्यात थोडे पाणी गरम करून आच बंद करावी आणि वाडग्याचा तळ पाण्याला टेकणार नाही अशा बेताने तो वर ठेवावा. हळूहळू ढवळत राहिल्यास चार-पाच मिनिटांत सारे एकजीव होते. वाफेचा एखादा थेंब जरी आत पडला, तरी साखरेचे आणि कोकोचे कण त्या ओलाव्याने एकमेकांना चिकटतात आणि चकचकीत मिश्रणाचा क्षणात रवाळ गोळा होतो. असा गोळा साच्यात ओतण्याच्या कामाचा राहत नाही. गरम दूध घालून त्याचा सॉस करावा आणि आइस्क्रीमवर वापरावा. मायक्रोवेव्ह असल्यास वाफेचा प्रश्न उरत नाही, पण अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने बाहेर काढून ढवळणे आवश्यक आहे, कारण कडेचे कंपाउंड करपले तरी मधले जसेच्या तसे दिसते. पांढरे कंपाउंड तर त्यातील दुधाच्या भुकटीमुळे फारच लवकर करपते. पहिल्या खेपेस ते घेऊ नये.

ओलाव्याचा आणखी एक स्रोत घराघरांत असतो आणि त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, तो म्हणजे कूलर. आपला उन्हाळा कोरडा असल्यामुळे कूलर येथे चांगला चालतो, पण तो गारवा देतो तो पाण्याच्या बाष्पासकट. फ्रीजमधून काढलेले थंडगार चॉकलेट त्या हवेत ठेवले की त्याच्यावर दव धरते, पृष्ठभागावरची साखर त्यात विरघळते आणि दव सुकल्यावर पांढरट, खरखरीत थर मागे राहतो. चॉकलेट साच्यातून काढताना आणि चांदीच्या कागदात गुंडाळताना कूलर बंद ठेवून नुसता पंखा लावावा, हा सल्ला मुंबईत लिहिलेल्या कृतीत सापडणार नाही. याच कारणासाठी साचा फ्रीजरमध्येही ठेवू नये. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात छोट्या साच्याला दहा-पंधरा मिनिटे पुरतात. कंपाउंड गोठताना किंचित आकसते आणि कडेने आपोआप सुटते.

आत काय घालावे, हा प्रश्न सोलापुरात फार काळ रेंगाळू नये. बदाम-काजूंना माझा विरोध नाही, परंतु डार्क कंपाउंडच्या कडसर गोडीला खमंग भाजलेल्या शेंगदाण्याइतके दुसरे काही शोभत नाही, आणि ते तर येथे चांगलेच मिळतात. दाणे मंद आचेवर, साल सहज सुटेपर्यंत भाजावेत, पाखडून घ्यावेत आणि पूर्ण गार झाल्यावरच मिश्रणात घालावेत. दोनशे ग्रॅम कंपाउंडला दीडशे ग्रॅम दाणे हे प्रमाण मला योग्य वाटले. दाणे अख्खे किंवा पाकळ्या केलेले असावेत, कूट नसावे. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मे तेल असते. शेंगाचटणी कुटताना ते तेल सुटेपर्यंत हात थांबवायचा नसतो, कारण चटणीची सारी लज्जत त्या तेलात आहे. येथे मात्र तेच सुटलेले तेल कंपाउंडच्या घट्ट स्निग्धांशात मिसळून त्याला मऊ पाडते आणि उन्हात टिकण्याचा जो मुख्य गुण, तोच घालवते. चिमूटभर मीठ घालायला विसरू नये. कुरकुरीतपणा हवा असेल तर ज्वारीच्या लाह्या उत्तम, त्या हलक्या असतात आणि चॉकलेटचा जडपणा कमी करतात. फक्त त्या सादळलेल्या नसाव्यात. डाळिंब आपल्या जिल्ह्याचे भूषण असले, तरी त्याचे ताजे दाणे आत घालण्याचा मोह आवरावा. दाणा फुटला की रस, आणि रस म्हणजे पुन्हा पाणी.

येथेच एका चुकीच्या सल्ल्याचा समाचार घेतला पाहिजे. चव सुधारावी म्हणून निम्मे कंपाउंड आणि निम्मे अस्सल चॉकलेट एकत्र वितळवावे, असे अनेक जण सांगतात. पामच्या गराचे तेल आणि कोको बटर यांचे गोठताना पटत नाही. दोन्ही मिळून जे तयार होते ते दोहोंपेक्षा मऊ असते आणि काही दिवसांत त्याच्यावर पांढरे डाग उमटतात. चव वाढवायचीच असेल तर चमचाभर चांगली कोको पावडर किंवा चिमूटभर कॉफीची भुकटी, तीही कोरडी, पुरेशी आहे.

आता चवीचे. कंपाउंड ज्या गुणामुळे ओट्यावर उभे राहते, त्याच गुणामुळे ते जिभेवर कमी पडते. तोंडातील उष्णता ३७ अंशांच्या आगेमागे असते. कोको बटर त्या उष्णतेत पूर्ण विरते आणि कोकोचा वास एकदम मोकळा होतो, तर कंपाउंडचा काही अंश न विरता मागे राहतो आणि टाळूवर मेणासारखा पातळ लेप जाणवतो. चांगल्या कंपाउंडमध्ये हा लेप अगदी कमी असतो, हलक्या मालात तो पाणी प्यायल्यावरही जात नाही. नुसते चॉकलेट चघळून खाण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना हा फरक पहिल्याच घासाला कळेल. दाण्यांचे किंवा लाह्यांचे चॉकलेट चावून खाल्ले जाते, त्यामुळे त्यात तो बराच झाकला जातो. म्हणूनच कंपाउंडची साधी, काही न घातलेली चौकोनी वडी करण्याच्या फंदात मी कोणाला पडू देणार नाही. मिल्क कंपाउंड मुलांना आवडते, पण ते माझ्या मते अति गोड आहे आणि दाण्यांबरोबर त्याची गोडी आणखीच अंगावर येते.

वेष्टनावरील घटकांची यादी वाचायला दोन मिनिटे द्यावीत. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात आणि बहुतेक स्लॅबवर पहिला शब्द साखर हाच असतो. डार्क म्हणजे पथ्याचे, हा समज त्या एका शब्दाने दूर व्हावा. तेलाच्या पुढे हायड्रोजनेटेड (हायड्रोजनच्या प्रक्रियेने घट्ट केलेले) लिहिलेले असल्यास ट्रान्स फॅटचा, म्हणजे त्या प्रक्रियेत तयार होऊ शकणाऱ्या, हृदयाला अपायकारक स्निग्धांशाचा आकडाही पाहावा. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने जानेवारी २०२२ पासून तेला-तुपांतील औद्योगिक ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्क्यांवर आणली आहे, त्यामुळे पूर्वीइतकी धास्ती उरलेली नाही. संपृक्त स्निग्धांश मात्र भरपूर असतो, आणि हा खाऊ रोजचा नव्हे हे त्यातून ठरते.

दुकानाची निवड मालाइतकीच महत्त्वाची आहे. एका दुकानातून मी आणलेल्या स्लॅबवर पांढऱ्या रेघा होत्या आणि वेष्टन आतून तुपकट झालेले होते. उन्हाने तापलेल्या जागेत माल वितळून पुन्हा गोठला की स्निग्धांश वर येतो आणि असे होते. तो खाण्यास अपायकारक नसतो, वितळवल्यावर रेघाही नाहीशा होतात, परंतु पूर्ण किंमत मोजून असा माल का घ्यावा? स्लॅब सपाट आहे का, कडा धारदार आहेत का, हे वेष्टनावरून हात फिरवून कळते. वाकलेला किंवा कोपरे गोलसर झालेला स्लॅब परत करावा. साचा, रंगीत कागद आणि कृतीचे पत्रक यांसह मिळणारे तयार संच घेण्याचे मला कारण दिसत नाही. त्यांतील कंपाउंड वजनाने थोडे असते आणि बाकी साऱ्या वस्तू सुट्या स्वस्त पडतात. सिलिकॉनचा साचा आतून गुळगुळीत पाहून घ्यावा, कारण साच्याचा पृष्ठभाग जसा असेल तशीच चॉकलेटची तकाकी येते.

किमतीच्या बाबतीत कंपाउंडची बाजू २०२४ मध्ये अधिकच भक्कम झाली. जगातील निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो; तेथील पीक हातचे गेल्याने त्या वर्षी कोकोचा भाव टनाला दहा हजार डॉलरच्या पुढे गेला होता. कोको पावडर दोन्हींत लागत असल्यामुळे महागाईची झळ कंपाउंडलाही बसली, पण कोको बटरचा भार त्याच्यावर नसल्याने अस्सल चॉकलेटशी तुलना करता ते आजही पुष्कळ स्वस्त पडते. चारशे ग्रॅमच्या एका स्लॅबमध्ये तीनशे ग्रॅम दाणे घातले, तर दहा-दहा ग्रॅमची सुमारे सत्तर चॉकलेटे होतात. राखीच्या किंवा दिवाळीच्या डब्यांसाठी एवढी पुरेशी आहेत.

राहिला प्रश्न साठवण्याचा आणि पाठवण्याचा. हवाबंद डब्यात, फ्रीजमध्ये, ही चॉकलेटे तीन-चार आठवडे चांगली राहतात. डबा बाहेर काढल्यावर लगेच उघडू नये. तो खोलीच्या उष्णतेला येईपर्यंत बंदच ठेवला की दव डब्यावर धरते, चॉकलेटवर नाही. ओल लागलेल्या कंपाउंडला जुने झाल्यावर साबणासारखा वास येतो, तसा आल्यास ते टाकून द्यावे. गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, जानेवारीच्या थंडीत, ही चॉकलेटे बाहेरही खुशाल ठेवता येतात आणि पुण्याला शिकणाऱ्या मुलांसाठी एसटीच्या प्रवासात पिशवीत घालून देता येतात. मे महिन्यात मात्र तो अडीचशे किलोमीटरचा प्रवास कंपाउंडलाही झेपत नाही. त्या दिवसांत पाठवणीसाठी पाकातली चॉकलेट वडी करावी, आणि कंपाउंडचा बेत घरच्या फ्रीजपुरता ठेवावा.