विजेचा परिपथ शिकवायला व्हिडिओ की सिम्युलेशन?

शेजारच्या शाळेतल्या मॅडमनी विचारलं, "सर, परिपथाला दीक्षावरचा व्हिडिओ दाखवू की फेटचं सिम्युलेशन देऊ?" दीक्षा म्हणजे सरकारचं शैक्षणिक पोर्टल; फेट (PhET) म्हणजे सिम्युलेशन्सचा, म्हणजे स्क्रीनवर मुलांनी स्वतः करून बघायच्या प्रयोगांचा संच. दोन्ही फुकट, त्यामुळे खर्चाचा प्रश्नच नाही.

मेहनत: व्हिडिओला जवळपास शून्य. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की अख्खा वर्ग एका टीव्हीवर बघतो. कोलोरॅडो विद्यापीठात २००२ साली सुरू झालेल्या फेटची बरीच सिम्युलेशन्स मराठीत आहेत, उतरवून घेतली की नेटशिवाय चालतात. पण दोन-तीन मुलांमागे एक टॅब हवा, आणि पहिला तास नुसता खेळण्यात जातो. जाऊ द्यावा.

मुलं शिकली का? "समजलं का?" हा प्रश्न कामाचा नाही, सगळे "हो" म्हणतात. मी सेल, बल्ब, दोन वायरी हातात देतो: दिवा लाव. शिकवण्याआधी, नंतर आणि पुन्हा तीन आठवड्यांनी. आधीची चाचणी नसेल तर मुलाला मुळातच काय येत होतं ते कळत नाही. व्हिडिओनंतर एक मुलगी दोन्ही वायरी बल्बच्या बुडालाच टेकवून बसली होती. सिम्युलेशनवाल्यांची ही चूक स्क्रीनवरच करून झालेली असते.

चिन्हं, व्याख्या, परीक्षेआधीची उजळणी यांना व्हिडिओ घ्या. संकल्पना पहिल्यांदा शिकवताना, टॅब मिळत असतील तर, सिम्युलेशनच.